अनंत पार्टेच्या इंजिनातलं बेअरिंग

त्या वर्षी आमचं युनिट उत्तरेत होतं, साडेअकरा हजार फुटांवर. मी तेव्हा नायक होतो, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. आमचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, दोन पिट, एक वेल्डिंग सेट आणि मधोमध ऊबेसाठी एक बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी. लॉऱ्या, जीपगाड्या आणि साडेतीनशे सीसीच्या चार मोटारसायकली एवढा आमचा संसार. मोटारसायकली डाकेसाठी होत्या. पुढच्या पोस्टशी वायरलेसवर बोलता यायचं, पण सहीचा कागद वायरलेसवरून जात नाही. रायडर सकाळी ०५३० ला निघायचा, खिंड चढून पलीकडे उतरायचा आणि ०७३० पर्यंत पोस्टवर पोहोचायचा. चहा घेऊन दुपारच्या आत परत.

हा रायडर बहुतेक वेळा लान्स नायक अनंत पार्टे असे. शिवथर खोऱ्यातला. मी पोलादपूरचा. सहाशे माणसांच्या युनिटमध्ये आमच्या भागातले आम्ही दोघेच, त्यामुळे आम्ही एकमेकांचे गाववाले. फौजेत गाववाला हे नातं सख्ख्या भावाच्या खालोखाल असतं. मी रजेवर निघालो की अनंतच्या घरचं पार्सल माझ्या ट्रंकेत, तो निघाला की माझ्या घरचं त्याच्या ट्रंकेत. परत येताना त्याची बायको सुनंदा मला सोललेले, सुकवलेले वाल आठवणीने पाठवायची. मग आम्ही दोघं मेसच्या मागे स्टोव्हवर वालाचं बिरडं करायचो आणि पंजाबी पोरं येऊन हे काय चिखल खाताय म्हणून चिडवायची.

लग्नाआधी अनंत गाडी फार जोरात हाकायचा, हे तो स्वतःच सांगायचा. महाडहून गावापर्यंत किती मिनिटांत जायचो याच्या बढाया मारायचा. पण मुलगी झाली आणि त्याचा हात आखडला. खिंडीच्या उतारावर तो इतका सावकाश उतरायचा की दुसरे रायडर त्याला बैलगाडी म्हणायचे. तो हसायचा आणि तसाच सावकाश उतरायचा.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात माझा दोष किती हे वाचणाऱ्याला मोजता यावं.

अनंतच्या गाडीचं इंजिन खडखडायला लागलं. उघडलं तर क्रँकचं, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याचं, उजवीकडचं बेअरिंग गेलेलं. आमचे उस्ताद हरियाणाचे हवालदार होते, बावीस वर्षं सर्व्हिस झालेला माणूस. ते दुसऱ्या दिवशी रजेवर निघणार होते. निघता निघता पिटजवळ थांबले आणि म्हणाले, "पुराने का नंबर पूरा पढ़ना. आख़िरी अक्षर तक." मी जी उस्ताद म्हणालो. तेव्हा माझी आठ वर्षं झाली होती आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं.

जुनं बेअरिंग काळ्या तेलाने माखलेलं होतं. फडक्याने एकदा पुसलं. ६३०५ दिसलं. पुढचं पुसायचे कष्ट मी घेतले नाहीत. स्टोअरमधून मी ६३०५ मागितलं आणि स्टोअरकीपरने डबी काढून दिली. डबीतलं बेअरिंग बोटावर घेऊन फिरवलं आणि माझं तोंड वाकडं झालं. ते किंचित खुळखुळत होतं. कडी हातात धरून हलवली की आतले छर्रे हलल्याचं जाणवत होतं. नवीन बेअरिंग असं कधी असतं का? कुठल्या तरी जुन्या लॉटमधलं, दहा वर्षं डबीत पडून सैल झालेलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्याच्या कडेला ६३०५ च्या पुढे सी-३ कोरलेलं होतं. ते मला दिसलं. कंपनीची काही तरी खूण असेल म्हणून मी सोडून दिलं.

दुसरा कुणी रायडर असता तर मी तेच बसवलं असतं. हे मी शपथेवर सांगतो आणि हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. स्टोअरने दिलंय, बसवा आणि सही करा, असंच आम्ही करायचो. पण गाडी अनंतची होती. गाववाल्याच्या इंजिनात असला खुळखुळा घालू? शनिवारी रेशनची लॉरी खाली शहरात जायची. मी लॉरीत बसून गेलो, बाजारातल्या दुकानात ६३०५ मागितलं, चार फिरवून बघितली आणि त्यातलं सगळ्यात घट्ट निवडलं. काय फिरत होतं ते! तुपात बोट फिरावं तसं, जरासुद्धा आवाज नाही. त्याच्या कडेला ६३०५ च्या पुढे काहीच नव्हतं. मी खुश होऊन परत आलो. स्टोअरचं बेअरिंग पुन्हा डबीत घालून फळीवर ठेवलं.

ज्यांनी इंजिन उघडलेलं नाही त्यांच्यासाठी इथे थोडं सांगायला हवं. बेअरिंगच्या दोन कड्या असतात आणि मध्ये छर्रे. त्या सगळ्यांत थोडी मोकळीक लागते. क्रँकवर बेअरिंग ठोकून बसवलं की आतली कडी ताणली जाते, बाहेरची केसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कवचात, आवळली जाते आणि मोकळीक कमी होते. इंजिन तापलं की क्रँक फुगतो आणि ती आणखी कमी होते. म्हणून इंजिनासाठीचं बेअरिंग मुद्दाम जास्त मोकळं बनवतात, आणि सी-३ ही त्याचीच खूण आहे. थंड असताना हाताला खुळखुळ लागतं तेच तापल्यावर बरोबर बसतं. जे थंड असताना हाताला गोड लागतं ते पाण्याच्या पंपाला चालेल, पंख्याला चालेल. माप तेच, नंबर तोच, भोकात बसतंही तसंच. हे बोटांना कधीच कळत नाही. ते वाचावं लागतं.

इंजिन बांधलं. शेडमध्ये चाळीस मिनिटं चालवलं. सपाटीवर वीस किलोमीटर फिरवून आणलं. आवाज असा की उस्ताद असते तर पाठ थोपटली असती. जॉब कार्डवर मी बेअरिंग ६३०५ बदललं असं लिहिलं आणि सही केली. अनंत गाडी घ्यायला आला तेव्हा मी बढाई मारली की स्टोअरचा माल फेकून तुझ्यासाठी खास निवडून आणलंय. तो एवढंच म्हणाला, "तू बांधलंस ना? मग झालं."

पाचव्या दिवशी डाक ऑफिसातून उशिरा निघाली. अनंत ०५३० ऐवजी ०५४५ ला निघाला. मी शेडच्या दारात दात घासत उभा होतो. त्याने हात केला.

०८०५ ला सिग्नलच्या खोलीत सेट वाजला, पुढच्या पोस्टवरून. मी बुखारीसाठी रॉकेल आणायला तिथे गेलो होतो.

"रायडर नहीं पहुँचा. निकला क्या? ओव्हर."

"निकला. ओव्हर."

"कब निकला? ओव्हर."

"ज़ीरो फ़ाइव फ़ोर फ़ाइव. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग पलीकडून आवाज आला, "ढूँढो. आउट."

रिकव्हरीच्या गाडीत मेकॅनिक लागतो म्हणून मी गेलो. खिंड चढलो, पलीकडे उतरायला लागलो. तिसऱ्या वळणावर रस्त्याच्या डांबरावर एक सरळ काळी रेघ होती, मागच्या चाकाची. रेघ कड्यापर्यंत गेली होती. गाडी वीस फूट खाली दगडाला अडकलेली होती आणि अनंत तिच्याही खाली होता. आम्ही दोर लावून उतरलो तेव्हा १०१० झाले होते. त्याचं हेल्मेट मी काढलं. डाकेची पिशवी गळ्यात तशीच होती, सील शाबूत. सुभेदार साहेबांनी वेळ लिहून घेतली. मला ओरडून रडावंसं वाटत होतं, पण मी दोराची गाठ बघत राहिलो.

वर आल्यावर मी ती रेघ पुन्हा बघितली. ब्रेक मारलेल्या चाकाची रेघ सुरुवातीला फिकी असते, मग गडद होते. ही पहिल्या इंचापासून गडद होती. चाक फिरता फिरता एकदम थांबलं होतं. मला तेव्हाच कळलं. मी कुणाला काही बोललो नाही.

उस्ताद रजेवर, त्यामुळे गाडीचा टेक्निकल रिपोर्ट माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये एकट्याने इंजिन उघडलं. बेअरिंगची आतली कडी तापून निळी पडली होती, छर्ऱ्यांचा पिंजरा तुटला होता आणि त्याचा तुकडा अडकून क्रँक जागच्या जागी बसला होता. चौदा किलोमीटर चढ चढून इंजिन तापलं, बाहेरून बर्फाची हवा केसला लागत होती, आतली मोकळीक संपली. मी फळीवरची ती डबी काढली, पार्ट्सची यादी उघडली. यादीत छापलं होतं: ६३०५ सी-३.

मग मी गिअरबॉक्स उघडला. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. दुसऱ्या गिअरमध्ये, बंद ॲक्सिलरेटरवर, उतारावर माणूस वीस-पंचवीसच्या वर जात नाही. अनंत नेहमीसारखाच उतरत होता.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की पडल्याच्या धक्क्याने इंजिन जाम झालं. गिअरचा उल्लेख केला नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजर साहेब होते, पायदळाचे, भला माणूस. त्यांनी विचारलं, बसवलेलं बेअरिंग कोणत्या नंबरचं? मी म्हणालो, ६३०५, सर. यादीत कोणता नंबर आहे? ६३०५, सर. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. रिपोर्ट सोडला तर तोंडाने मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो, आणि तेवढंच धरून मी वर्षानुवर्षं स्वतःची समजूत घालत होतो. डाक पंधरा मिनिटं उशिरा निघाली होती, म्हणून रायडरने वेळ भरून काढण्यासाठी उतारावर वेग वाढवला आणि त्याचा ताबा सुटला, असा निष्कर्ष निघाला. त्याला बैलगाडी म्हणणारे दोन रायडर दारापर्यंत येऊन हे पटत नाही असं म्हणाले. त्यांना कुणी आत बोलावलं नाही. मी आत होतो आणि मूग गिळून बसलो होतो.

महिन्याभराने उस्ताद परत आले. फळीवरची डबी त्यांनी दुसऱ्या गाडीसाठी घेतली. ते बेअरिंग, मी टाकून दिलेलं, मी तिथून बदली होऊन निघेपर्यंत त्या गाडीत बिनतक्रार फिरत होतं.

पण मी एक गोष्ट मागे-पुढे केली. इन्क्वायरीच्या आधी अनंतला घरी न्यायचं होतं. फौजेत पार्थिवाबरोबर एस्कॉर्ट जातो आणि शक्यतो गाववाला पाठवतात. ॲडज्युटंट साहेबांनी मला बोलावून सांगितलं की, सकपाळ, घरच्यांना ओळखीचा चेहरा बरा वाटेल. मी सॅल्यूट मारून बाहेर आलो. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

महाडहून बिरवाडी, तिथून आत खोऱ्यात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती, कंपनीच्या शिफ्टवरून परत निघालेले लोक मोटारसायकली थांबवून उतरले होते. मी कडक इस्त्रीच्या वर्दीत पुढे बसलो होतो. घडी केलेला तिरंगा मी सुनंदा वहिनींच्या हातात दिला. त्यांची मुलगी अश्विनी तेव्हा तीन वर्षांची होती, ती माझ्या बुटांकडे बघत होती. अनंतचे वडील माझा हात धरून बाजूला घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "जोरात व्हता का रे तो?"

मला सांगता आलं असतं, नव्हता आबा. तेवढे दोन शब्द पुरे होते. मी म्हणालो, "रस्ता घसरडा होता."

त्यांनी डोळे मिटले. त्यांना हवं ते उत्तर मी दिलं नाही आणि नको होतं ते त्यांनी स्वतःच त्यात वाचलं. पुढे इन्क्वायरीचा कागद घरी आला तेव्हा त्यांची खात्रीच झाली. दोन पावसाळ्यांनी ते गेले.

पेन्शनीत काही अडलं नाही. अडलं ते नावापाशी. आमच्या भागात घराघरात फौजी आहेत, ड्युटीवर गेलेल्या माणसाचं नाव इथे मानाने घेतात. अनंतचं नाव वेगळ्या कामासाठी घेतलं जायला लागलं. मी हवालदार होऊन रिटायर झालो, पोलादपूरला हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं. एक दिवस शिवथरकडची एक बाई आपल्या मुलाबरोबर गाडी घेऊन आली. मुलाने गाडी जरा जोरात आत घातली, तशी ती त्याच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "हळू हाक रे. अनंता पार्ट्यासारखा जाशील." तिला मी कोण ते माहीत नव्हतं. खोऱ्यात हे सगळेच म्हणतात हे मला नंतर कळलं. माझ्या मित्राचं नाव पोरांना भीती घालायचं नाव झालं होतं, आणि ते मी केलं होतं. त्या दिवशी मी शटर लवकर ओढलं. याहून जास्त काही केलं नाही. लाज वाटणं आणि लाजेपोटी काही करणं यात फार अंतर असतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

यंदा संक्रांतीनंतर सुनंदा वहिनी गॅरेजवर आल्या. पिकअपमध्ये अनंतची घरची मोटारसायकल होती, शंभर सीसीची. लग्नाच्या वर्षी घेतलेली. अनंत गेल्यापासून पडवीत ताडपत्रीखाली उभी होती, वहिनींनी कुणाला हात लावू दिला नव्हता. बरोबर अश्विनी होती, आता वीस वर्षांची, उंचीने बापावर गेलेली. तिला महाडच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या एका कारखान्यात लॅबमध्ये नोकरी लागली होती. पहिली शिफ्ट सकाळी सातची. कंपनीची बस बिरवाडीपर्यंतच येते आणि खोऱ्यातून एवढ्या सकाळी एसटी नाही. तिला बापाचीच गाडी हवी होती. आईलेकींचं यावरून महिनाभर भांडण झालं होतं, ते मला पिकअपच्या ड्रायव्हरने सांगितलं.

इंजिन उघडलं. इतकी वर्षं ओलीत उभं राहून क्रँकच्या बेअरिंगांना गंज धरला होता. अश्विनी शेजारी उभी राहून बघत होती. मी बेअरिंग रॉकेलने तीनदा धुतलं आणि कडेला वाकडं करून उजेडात धरलं. तिने विचारलं काय बघताय. मी म्हणालो पूर्ण नंबर. तिने वाचला. नंबर वेगळा, पण शेवटी तेच, सी-३. तिने विचारलं हे शेवटचं कशासाठी. मी सांगायला लागलो. घट्ट आणि मोकळं, थंड आणि गरम, सगळं सांगितलं. इंजिनात उघडं बेअरिंग घालायचं, रबराचं झाकण असलेलं नाही, कारण तेल आत जायला हवं, तेही सांगितलं. महाडच्या दुकानात त्या मापाचं आहे पण सी-३ नाही, पुण्याहून मागवावं लागेल, आठ दिवस लागतील, असं म्हणालो.

वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, एका अक्षरासाठी आठ दिवस कशाला, हाय ते घाला की, पोरीची सोमवारपासून शिफ्ट हाय. मी म्हणालो, नको. जरा जास्तच जोरात म्हणालो असेन, कारण दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मग वहिनी उठल्या आणि जवळ आल्या.

"भाऊजी, घाला तुमाला काय घालायचं ते. पण हिला एकदा सांगा. तुमी व्हता तिथं. माझं आयकत नाय ती. बाप वेगापायी गेला, हे तुमच्या तोंडून सांगा हिला."

अश्विनीने माझ्याकडे बघितलं. तिला आईचा राग आला होता, पण ती ऐकायला उभी होती. मी सांगेन ते ती खरं धरणार होती. आजवर मी कागदावर आणि गप्प राहून खोटं बोललो होतो. आता ते मोठ्याने, त्याच्या मुलीच्या तोंडावर बोलायचं होतं. ते माझ्याने झालं नाही. ही काही मर्दुमकी नव्हती. जीभ वळलीच नाही, एवढंच.

मी म्हणालो, "वहिनी, अनंत जोरात नव्हता. दुसऱ्या गिअरमध्ये होता. इंजिन जाम झालं. बेअरिंग चुकीचं होतं आणि ते मी बसवलं होतं."

मग सगळं सांगितलं, या कागदावर लिहिलंय त्याच क्रमाने. स्टोअरचं बेअरिंग, बाजारातलं बेअरिंग, काळी रेघ, गिअरबॉक्स, मेजर साहेबांचे दोन प्रश्न. हात फडक्याने पुसत सांगत होतो. सांगून झाल्यावरही पुसत होतो.

अश्विनीने हातातलं गंजलेलं बेअरिंग बाकावर ठेवलं आणि बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. वहिनी तिच्याकडे बघत होत्या. मला वाटलं शिव्या देतील. द्याव्यात असं फार वाटत होतं.

"मी रोज भांडलेय त्यांच्याशी," त्या म्हणाल्या. "फोटोसमोर. पोर पदरात टाकून तुमाला जोर कशाला सुचला म्हणून. रोज, भाऊजी."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही मला सांगता येत नाही. त्या पिकअपकडे गेल्या, पुन्हा परत आल्या.

"आबा गेले ते पोरगा मस्तीत मेला म्हणत गेले. त्यांना आता कोण सांगणार?" मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग नाय. शिमग्याच्या आधी गावकी बसते. तिथं येऊन सांगा."

मी विचारलं, गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे पाठवू का. त्या म्हणाल्या,

"दुसऱ्याकडं नेली तरी माझा जीव खालवर व्हणार आन् तुमच्याकडं ठेवली तरी व्हणार. तुमीच बांधा. तुमाला निदान आता माहीत हाय."

आठ दिवसांनी बेअरिंगं आली. डबी, छपाई, कडेवरचा नंबर, सगळं भिंग लावून तपासलं. बेअरिंगं रात्रभर फ्रीजमध्ये, बायकोच्या सुकटीच्या डब्याशेजारी ठेवली, केस गरम केली, आणि बेअरिंग न ठोकता आपल्या वजनाने जागेवर गेलं. फिरवलं तर किंचित खुळखुळलं. अश्विनीला मी ती खुळखुळ बोटाने बघायला लावली. तिने बघितली. माझ्याशी ती कामापुरतं बोलली, आणि मला काका म्हणायची ते त्या दिवसापासून बंद झालं. मी तिला दोष देत नाही.

गाडी घेऊन मी आंबेनळी घाट वरपर्यंत चढलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये खाली आलो, सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी ती तिच्या ताब्यात दिली.

गावकी देवळाच्या मंडपात बसली होती. पालखी कुठल्या वाडीत आधी जाणार, मुंबईकरांनी काय करायचं, गावातल्यांनी काय, असे विषय होते. साठ-सत्तर पुरुष सतरंजीवर. गावकीत बायका बोलत नाहीत, त्या पायरीवर बसून ऐकतात. परगावच्या माणसालाही बोलता येत नाही, पण अनंतच्या चुलत्यांनी वहिनींच्या सांगण्यावरून अध्यक्षांना आधी विचारून ठेवलं होतं. माझं नाव पुकारलं. अनंतला घेऊन आलेला फौजी म्हणून काही जणांनी मला ओळखलं आणि पुढे बसायला जागा केली. मी बसलो नाही. सवयीने सावधानमध्ये उभा राहिलो आणि बोललो. पाच-सहा मिनिटं लागली असतील.

मग एक म्हातारे फौजी उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की तू काय मुद्दाम नाय केलंस बाबा, चांगल्यासाठीच करायला गेलास, झालं गेलं. दोघा-तिघांनी माना हलवल्या. कुणी तरी पाणी दिलं. अध्यक्षांनी वही पुढे ओढून पालखीचा विषय काढला. इतक्या स्वस्तात मी सुटलो. मला तिथे उभं राहून जी लाज वाटली ती मेजर साहेबांसमोरही वाटली नव्हती. सगळ्यांनी मिळून माझं मन राखलं होतं, आणि अनंतचं नाव पुन्हा एकदा राहून गेलं होतं. मला ते बोलून दाखवायचं धैर्य झालं नाही. हातातला पाण्याचा तांब्या घेऊन मी उभाच राहिलो.

पायरीवरून वहिनी उठल्या.

त्यांनी डोक्यावर पदर नीट घेतला आणि मंडपात दोन पावलं आल्या. अध्यक्षांनी मान वर केली, पण अडवलं नाही.

"ह्यांचं आयकलंत तुमी," त्या म्हणाल्या. "आता माझं आयका. माझा माणूस हळू चालवत व्हता. पोरांना भिववायला त्याचं नाव पुन्हा कुणी घेऊ नका."

त्या परत जाऊन पायरीवर बसल्या. अश्विनीने त्यांच्यासाठी जागा करून दिली.

मी लष्कराच्या रेकॉर्ड्सना सगळं लिहून, सही करून पाठवलं आहे. उत्तर अजून नाही, आलं तर जे असेल ते भोगीन. तोवर त्या वेळच्या रिपोर्टमध्ये मी जे लिहायला हवं होतं ते इथे लिहून ठेवतो.

लान्स नायक अनंत पार्टे, डिस्पॅच रायडर. वय एकोणतीस. ड्युटीवर असताना, खिंडीच्या पलीकडच्या उतारावर, तिसऱ्या वळणाशी. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. वेग नेहमीचा होता. रायडरची काही चूक नव्हती.